चार पाकिटं पापड आणि 'मालकी'चा रकाना

गच्चीवरची

भाचीच्या शाळेत 'आपल्या राज्यातील उद्योजिका' असा तक्ता करून न्यायचा होता. तिने जसवंतीबेन जमनादास पोपट हे नाव घेतलं (सुचवलं मीच). बाईंनी रकाने आखून दिले होते: नाव, व्यवसाय, भांडवल, मालकी. भांडवलापर्यंत गाडी नीट गेली, मालकीपाशी अडली. मी म्हटलं, मोकळा सोड. बाईंनी अर्धा गुण कापला आणि पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तो अर्धा गुण वसूल करायला हा धागा.

लिज्जत पापड सगळ्यांना ठाऊक आहे. जसवंतीबेन मात्र २०२१ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत नाव आलं तेव्हा कुठे बहुतेकांना कळल्या. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. त्याच यादीत आपल्या सिंधुताई सपकाळही होत्या, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत जास्त जागा माईंना गेली, ते साहजिकच.

आता गोष्ट. गिरगावात लोहाणा निवास नावाच्या पाच इमारती. तिथे राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी, जसवंतीबेन त्यांतल्याच एक. घरात पगार बेताचा, शिक्षण जेमतेम, पदरात पोरं. नोकरी मिळणार नाही आणि मिळाली तरी घर सोडून जाता येणार नाही. मुलं शाळेत गेली, जेवणं आटोपली की दुपारचे दोन-तीन तास तेवढे मोकळे. अंगात कसब एकच, स्वयंपाकाचं, आणि घरात त्याला कोणी कसब म्हणत नाही.

त्यांनी छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले. सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत. हे गृहस्थ गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे. त्या पैशांत बायकांनी तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा सामानासकट उचलला. म्हणजे पहिलं पाऊलच बुडत्या धंद्यात! १५ मार्च १९५९ ला गच्चीवर बसून पापड लाटले. झाली चार पाकिटं. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे दिली. तुटके पापड शेजाऱ्यांत वाटून टाकले.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकली होती: तोटा झाला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. उसने ते उसने, ते फेडायचे.

मार्चमध्ये सुरुवात म्हणजे हातात फार तर अडीच-तीन महिने. मग मुंबईचा पाऊस. पापड वाळवणार कुठे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत आवडतो. कुठल्या सल्लागाराने सांगितलं नसतं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात ती पाहिलेल्या बाईलाच हे सुचणार.

आधी त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका-स्वस्त. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. आणि हिशेब चोख लिहा, हा धंदा आहे, दानधर्म नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

तीन महिन्यांत सातच्या पंचवीस झाल्या, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. गच्ची काही वाढत नाही. मग ठरलं की पीठ एका जागी मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, घरी लाटून-वाळवून आणून द्यायचं, वजन करून पैसे घ्यायचे. खरा शोध हा. ज्या बाईला घराबाहेर पडता येत नाही तिच्याकडे कारखानाच चालत गेला. पाळण्याची दोरी एका पायाला आणि हातात लाटणं, हे चित्र त्यामुळे शक्य झालं.

'लिज्जत' हे नाव १९६२ चं. नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस ५ रुपये. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेलं नाव निवडलं गेलं. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजार. १९६६ ला संस्था नोंदली गेली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतले आकडे होते सुमारे ४५,००० बायका आणि १,६०० कोटींच्या घरातली उलाढाल.

यात जसवंतीबेनचा वाटा किती? पापड लाटणाऱ्या कुठल्याही बहिणीइतकाच (संस्थेत सभासद बाईला बहीणच म्हणतात). नफा-तोटा सगळ्यांचा सारखा. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर पाकिटावर स्वतःचा फोटो छापला असता आणि आज तिसरी पिढी कोर्टात भांडत असती.

तर मालकीपुढे काय लिहायचं?

ठाकूरद्वारी

मस्त धागा. आमच्या चाळीच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, एका बाजूला कुरडया, एका बाजूला पापड, मध्ये साबुदाण्याच्या चकल्या. कावळे हाकायला आम्ही पोरं. मजुरी म्हणून कच्च्या लाट्या तेलात बुडवून. पोट बिघडायचंच.

पण खाटेखाली स्टोव्ह हे पहिल्यांदा ऐकलं. दंडवत.

खडूस_लेखापाल

धागा चांगला आहे, पण जरा दमानं. किलोवर लाटणावळ म्हणजे काम नाही त्या दिवशी पैसा नाही. पोर तापाने फणफणलंय, मान आखडलीय, पीठ मात्र आजच लाटायचंय. 'घरबसल्या काम' या शब्दात 'बसल्या' फसवं आहे. बाई घरकाम करून वर हे करते आणि घरातला पुरुष पेपर वाचतो. त्यात भर म्हणजे कामगाराला 'भागीदार' म्हटलं की बरेच कायदे गळून पडतात. ही क्लृप्ती देशभर विड्यांपासून उदबत्तीपर्यंत वापरली गेलीय. लिज्जतने वापरली असं म्हणत नाही. पण पाळण्याची दोरी पायाला हे चित्र फार गोड करून रंगवू नका.

मुगभजी

घ्या, आले! एकाही धाग्यावर खडा न टाकता जमत नाही का हो तुम्हाला?

खडूस_लेखापाल

खडा पापडात नको, धाग्यात चालतो.

शेवंती७४

सहसा मी इथे नुसती वाचते. पण आज लिहिते, कारण माझी आई लिज्जतची बहीण होती. उपनगरातल्या शाखेत, बावीस वर्षं.

त्याआधी ती एका व्यापाऱ्यासाठी लाटायची. नाव नको. तो पीठ देताना एका तराजूने द्यायचा आणि पापड घेताना दुसऱ्या. पैसे महिन्याने, तेही 'पुढच्या सोमवारी या'. म्हणजे खडूसरावांचं म्हणणं आम्ही भोगलेलं आहे, ते खोटं नाही.

लिज्जतमध्ये नाव घालायचं तर आधी त्यांच्यातल्याच बायका घर बघायला आल्या. जागा आहे का, स्वच्छता आहे का, पाणी कसं आहे. आमची दहा बाय बाराची खोली. आईने आदल्या रात्री भिंतीसुद्धा पुसल्या. त्या बायकांनी कोपऱ्यातला पोळपाट बघितला, हाताने दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हा डुगडुगतोय, दुसरा घ्या." संपली मुलाखत.

रोज पहाटे आई कालचे पापड डब्यात भरून निघायची. संस्थेची छोटी बस ठरलेल्या नाक्यावरून बायकांना घेऊन जायची. तिथे पापड मोजून द्यायचे, पैसे घ्यायचे, नवं पीठ घ्यायचं आणि आम्ही शाळेला निघायच्या आत घरी परत. मग दिवसभर लाटणं. उपड्या टोपल्यांवर पापड वाळायचे, खोलीत पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. चार किलो, हात चालला तर पाच.

मोठी गोष्ट रोकड्याची. लाटलं की पैसे. रोज थोडे, पण रोज, आणि आईच्या हातात. बाबांचा पगार एक तारखेला यायचा आणि दहा तारखेला संपायचा. वीस तारखेला वही संपली तर आम्ही आईकडे जायचो.

आणि हे खास सांगायचंय. संस्थेत अठरा वर्षांखालच्या मुलींना घेत नाहीत. अगदी सुरुवातीला लहान मुलीही येत असत म्हणे, मग तो नियम झाला. आईने तो नियम आमच्या घरातही लावला! मी दहावीला असताना आत्या म्हणाली, पोरीला बसव की हाताखाली, दोन किलो जास्त होतील. आई म्हणाली, "नियमात बसत नाही, माझं नाव जाईल." घरात कोण बघायला येणार होतं? पण आत्याला उत्तर मिळालं. मी पोळपाटाच्या पलीकडे बसून मोठ्याने पाढे म्हणायचे आणि तिचं लाटणं त्या ठेक्यावर चालायचं. एकोणतीसच्या पाढ्याला ती मुद्दाम हळू व्हायची.

बी.कॉम. झाले. पापड मला आजही लाटता येत नाही.

गच्चीवरची

शेवंतीताई, तुमच्यापुढे माझा मूळ लेख फिका पडला. त्या नियमाचा असा उपयोग कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

सदस्य बहिणींच्या मुलींना संस्थेकडून छगनबाप्पांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्त्या दिल्या जातात, हे वाचलं होतं. आणि खुद्द बहिणींसाठी १९९९ च्या जूनमध्ये गिरगावातच साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. म्हणजे चाळीस वर्षांनी त्याच भागात, ज्या बायकांना तेव्हा शिकता आलं नव्हतं त्यांच्यासाठी.

शेवंती७४

आई सही करायची. वाचायला नंतर शिकली, पाकिटावरची अक्षरं लावून.

एडिसनचा_पाटील

इथे न्यू जर्सीत देशी दुकानात गेलं की लिज्जतचं पाकीट दिसतंच. माझ्या मुलीला त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र लगेच दूरदर्शनवरचा तो ससा आठवतो, कर्रम-कुर्रम करणारा. तो ससा आपल्या रामदास पाध्यांचा, हे किती जणांना माहीत आहे? सात गुजराती बायकांचा पापड आणि त्याला आवाज मराठी बोलक्या बाहुल्यांच्या घराण्यातला. गिरगावात हे असंच व्हायचं.

अवांतर: इथे मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजतात. चालतो. पण कडेला तो काळा ठिपका येत नाही आणि त्याशिवाय मजा नाही.

पोळपाट_लाटणं

अवांतरात माझीही भर. उडदाच्या पापडाचं पीठ मळून झालं की तेलाचा हात लावून कुटायचं, जितकं कुटाल तितका पापड फुलतो. मग लांब वळकटी करायची आणि दोऱ्याने लाट्या कापायच्या. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातात किंवा हातात. सुरीने कापलं की लाटीची कड दबते. पापडखार जास्त झाला की पापड लाल पडतो. हिंग-मिरी हवीच.

हजारो हात लाटणार असतील तर पीठ एकाच जागी मळणं किती महत्त्वाचं आहे, ते यावरून कळतं. लाटणारे हात वेगळे असले तर फरक जाडीत पडेल, ती डोळ्यांना दिसते. पिठातला फरक मात्र तळल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर गिऱ्हाईक हातचं गेलेलं असतं.

गच्चीवरची

अगदी! जाडीसाठी बहिणी, पिठासाठी संस्था. असा विचार केला नव्हता.

लातूरची_लेक

एक राहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात चिंचोली (जोगन) गावाच्या पुनर्वसनाचं काम लिज्जतने घेतलं होतं. ५८ घरं. पैसा उभा राहिला तो बहिणींनी आपापल्या रोजच्या लाटणावळीतून काढून दिला तेव्हा.

त्या वेळी मदत खूप आली. ट्रकच्या ट्रक कपडे आले, त्यात रेशमी साड्या आणि सूटसुद्धा. म्हणून या मदतीचं मोल मला वेगळं वाटतं. एका किलोचे किती पैसे मिळतात हे ज्या बाईला पाठ आहे, तिने त्यातले काढून दिलेत.

मुगभजी

आणि सुरुवात 'देणगी घेणार नाही' इथून झालेली. घेतली नाही, दिली.

खडूस_लेखापाल

शेवंतीताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. दोन तराजूंवाला व्यापारी आमच्याही आळीत होता.

तरी देवघर करू नका. त्यांचं सगळं यशस्वी झालं असं नाही. १९६१ ला मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे आगपेट्या, उदबत्त्या, चामड्याच्या वस्तू असे उद्योग करून पाहिले, तेही चालले नाहीत. खाकरा, मसाले, वड्या चालल्या. नीट बघा, जे चालत आलेलं स्वयंपाकघरातलं आहे ते टिकलं. आगपेटीत बाईच्या हाताचं असं काय वेगळं? तिथे त्या इतर कुणाहीसारख्याच नवशिक्या.

मला यात जसवंतीबेन आणि त्या पिढीचं कर्तृत्व दिसतं. बंद केलं ते वेळेवर बंद केलं. आमच्याकडे ताळेबंद घेऊन येणारे निम्मे लोक वडिलांनी काढलेला तोट्यातला विभाग श्रद्धेने चालवत असतात.

आता मूळ प्रश्न, जो कुणीच सोडवला नाही. भाचीचा रकाना. १९६६ साली ही संस्था १८६० च्या सोसायट्या नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली. अशा संस्थेला सभासद असतात. मालक नसतात, भागधारकही नसतात. नफ्यातला वाटा बहिणींना मिळतो तो त्यांच्या आपसातल्या नियमाने, शेअर विकत घेऊन नाही. बाईला आपला 'हिस्सा' बाहेर कुणाला विकता येत नाही, जावयाच्या नावावर करता येत नाही. पुरुष तर सभासदच होऊ शकत नाहीत. हिशेबनीस, ड्रायव्हर म्हणून पगारावर असतात, बस.

म्हणजे मालकीचा रकाना मोकळा सोडणं कायद्याने बरोबर होतं. अर्धा गुण परत मागा. हवं तर मी पत्र लिहून देतो, शिक्क्यासह.

गच्चीवरची

खडूसराव! या धाग्यावर तुम्हीच माझ्या बाजूने निकाल द्याल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. शिक्का मोठा मारा.

ठाकूरद्वारी

कायद्याचं मान्य. पण मग उद्योजिका कुणाला म्हणायचं? बक्षीस घ्यायला नाव एकाचं लागतं. सातजणींतल्या पार्वतीबेन, उजमबेन, बानुबेन, लागुबेन, जयाबेन, दिवाळीबेन ही नावं किती जण सांगतील?

गच्चीवरची

यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. माझा अंदाज असा की पुरस्कार देणाऱ्यांच्या अर्जातही आमच्या शाळेसारखेच रकाने असणार. मला जसवंतीबेनबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी की साठ वर्षांहून जास्त काळ मिळाला, संस्था हजारो कोटींकडे निघाली आणि तरी त्यांचा वाटा इतर बहिणींपेक्षा कणभर वाढला नाही. सुरुवात सारखी करणं सोपं असतं, सगळ्यांकडेच काही नसतं.

संस्थेतल्या बायका व्यापार, परिवार आणि भक्ती अशा तीन गोष्टी एका दमात सांगतात. पूर्वी मला ते भाषणातलं वाटायचं. शेवंतीताईंचं वाचून 'परिवार' जरा कळला. व्यापार खडूसरावांनी सांगितला. भक्तीबद्दल कुणी लिहिणार असेल तर लिहा, माझा तो प्रांत नाही.

एडिसनचा_पाटील

भक्ती म्हणजे तोच पापड, रोज, तितकाच पातळ. मी तरी असं समजतो.

शेवंती७४

काल रात्री आईला फोनवर हा सगळा धागा वाचून दाखवला. पंचाऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकला असणार.

पद्मश्रीचं तिला माहीत होतं. चिंचोलीचंही आठवतं, त्या महिन्यात तिनेही दिले होते. मालकीच्या रकान्याबद्दल म्हणाली, "त्या मुलीला म्हणावं, अर्ध्या गुणाने काही होत नाही, पण बाईंशी भांडू नकोस, वर्षभर तिथेच बसायचंय."

मग खाटेखालच्या स्टोव्हचं पुन्हा वाचायला लावलं. दोनदा. म्हणाली, "एवढंच लिहिलंय? स्टोव्हच्या वरचे पापड आधी कडक होतात आणि कडेचे ओलेच राहतात. तासातासाला उठून ते फिरवायला लागतात. रात्रीची कोण उठत होती, ते नाही लिहिलं त्यात?"

मी म्हटलं, नाही.

"कुणी तरी उठत होती," म्हणाली, आणि फोन ठेवला.